विश्वस्ताचा खर्च आणि विश्वस्ताचा मोबदला

(वांगणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय ऐकून काहीजणांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज वकिलांच्या फीवर आणि कोर्टखर्चावर काय बोलणार? पण आम्ही आत येताना सहज बघितलं, तर इथले निम्मे श्रोते कुठल्या ना कुठल्या संस्थेचे विश्वस्त निघतील. कुणी देवळाचे, कुणी वाचनालयाचे, कुणी शाळेचे. बदलापूरपासून नेरळपर्यंत प्रत्येक गावात दोन-चार ट्रस्ट आहेत, आणि त्यातल्या एखाद्याची तरी तारीख कुठे ना कुठे पडलेली असतेच. तेव्हा विषय तुमचाच आहे, आम्ही फक्त मांडणार.

प्रश्न दोन आहेत. विश्वस्त म्हणून काम केलं तर त्याचे पैसे मिळतात का? आणि ते काम करताना कोर्टात जावं लागलं, तर वकिलाचे पैसे कुणाच्या खिशातून जायचे? लोक हे दोन प्रश्न एकच समजतात. आपली अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पहिला प्रश्न घेऊ. भारतीय न्यास अधिनियम १८८२ सालचा. त्याचं ५०वं कलम सांगतं की न्यासपत्रात तसं लिहिलेलं नसेल, किंवा काम स्वीकारतानाच लाभार्थ्यांशी किंवा न्यायालयाशी तसा करार झालेला नसेल, तर विश्वस्ताला आपला त्रास, आपलं कौशल्य आणि आपला गेलेला वेळ यांच्याबद्दल मोबदला मागायचा हक्क नाही. त्रास, कौशल्य, वेळ या तिन्ही गोष्टी कायद्याने मुद्दाम मोजून सांगितल्या आहेत. आता हा कायदा खासगी न्यासांचा. आपल्या देवळांना आणि शाळांना १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. पण विश्वस्त म्हणजे कोण, त्याने कसं वागायचं, याची मूळ तत्त्वं न्यायालयं दोन्हीकडे सारखीच धरतात.

आपल्याकडे म्हणतात ना, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या. कायद्याच्या डोळ्यांपुढचा विश्वस्त हा असाच भाकऱ्या भाजणारा आहे. हे कुणाला अन्यायाचं वाटेल. आम्हालाही तरुणपणी वाटलं होतं. डॉक्टर फी घेतो, इंजिनिअर घेतो, मग देवस्थानचे हिशोब वर्षभर लिहिणाऱ्याने काय पाप केलं?

कारण असं आहे की विश्वस्ताच्या हातात किल्ली असते. कामाची किंमत ठरवणारा तोच आणि ती घेणाराही तोच. बाजारात किंमत ठरते ती दोन बाजूंच्या ओढाताणीतून. इथे दुसरी बाजू हजरच नाही. लाभार्थी कोण? उद्या शाळेत येणारी मुलं, देवळात येणारे भाविक. ती माणसं घासाघीस करायला बैठकीला येत नाहीत. इंग्लंडच्या न्यायालयाने १७३४ सालीच हा नियम एका निकालात पक्का केला, आणि तोच तिथून इकडे आला, ऑस्ट्रेलियातही गेला.

पण तो सगळीकडे तेवढाच कडक राहिला असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांच्या कायद्यांनी विश्वस्ताला आणि मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला न्यायालयाकडे जाऊन कष्टाबद्दल कमिशन मागायची वाट ठेवली आहे. किती द्यायचं ते न्यायाधीश ठरवतो, म्हणजे ती गैरहजर दुसरी बाजू न्यायाधीश भरून काढतो. आपल्याकडेही दार अगदी बंद नाही. न्यासपत्रात, घटनेत तरतूद असेल तर मानधन घेता येतं. १९६१च्या आयकर कायद्याने तर त्याला मोजपट्टीच लावली: विश्वस्ताला केलेल्या कामाच्या मानाने वाजवीपेक्षा जास्त पगार किंवा भत्ता दिला, तर संस्थेची करसवलतच धोक्यात येते. याचाच अर्थ वाजवी तेवढं चालतं. मात्र वाजवी कशाला म्हणायचं हे घेणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नाही.

आता दुसरा प्रश्न. त्याच १८८२च्या कायद्याचं ३२वं कलम म्हणतं की न्यासाचं काम करताना योग्य रीतीने झालेला सगळा खर्च विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून भरून घेता येतो. इथे मात्र कायदा उदार आहे. स्वतःच्या खिशातून आधी दिला असेल तर त्या रकमेचा आणि व्याजाचा न्यासाच्या मालमत्तेवर पहिला बोजा चढतो.

म्हणजे बघा, गेलेले पैसे परत मिळतात, गेलेला वेळ मिळत नाही. कर्जतहून ठाण्याला धर्मादाय कार्यालयात जायचं लोकलचं तिकीट मिळेल, पण त्या दिवशी बुडालेली दुकानाची विक्री मिळणार नाही. रेघ अशी आखलेली आहे. ती बारीक आहे, आणि वकील लोकांनी ती किती वेळा ओलांडायचा प्रयत्न केला याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. वकील स्वतःचाच खटला स्वतः चालवून जिंकला, तर स्वतःच्या वेळेची फी तो हरलेल्याकडून मागू शकतो, असा एक अपवाद इंग्लंडमध्ये १८८४ साली रूढ झाला. साध्या माणसाने स्वतःचा खटला स्वतः चालवला तर त्याला मात्र वेळेचं काही मिळत नसे. हा भेद सव्वाशे वर्षांहून जास्त टिकला. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथे सगळ्यात वरच्या न्यायालयाला हायकोर्ट म्हणतात, घोटाळा नको) २०१९ साली एका बॅरिस्टरबाईंच्या प्रकरणात तो मोडून काढला. वकिलाचा वेळ आणि इतरांचा वेळ यांत कायद्यापुढे फरक का करायचा, याला समाधानकारक उत्तर सापडलं नाही.

आता ‘योग्य रीतीने’ या दोन शब्दांकडे येऊ. सगळं पाणी तिथेच मुरतं. आणि त्यासाठी आम्ही तुम्हाला पुण्याला नेणार आहोत, १८९७ सालच्या ऑगस्टमध्ये.

लोकमान्य टिळक विश्वस्त होते, हे किती जणांच्या लक्षात आहे? पुण्याचे सरदार बाबामहाराज हे त्यांचे स्नेही. ७ ऑगस्टला ते वारले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते; स्वतःच्या डोक्यावर तलवार टांगलेली, आणि तरी मित्राच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांनी इस्टेटीची जबाबदारी घेतली. दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर हे बरोबरचे विश्वस्त. इस्टेट कर्जात होती. टिळकांनी खर्चाला कात्री लावली, आणि तिथे बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांच्याशी खटके उडू लागले. १९०१च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान झालं. थोड्याच दिवसांत ताईमहाराजांचं मन फिरलं, त्यांनी तो दत्तक नाकारून कोल्हापूरच्या शाखेतला दुसरा मुलगा दत्तक घेतला, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांवरच ठपका ठेवला, खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला, १९०३ साली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. दत्तकाचा दिवाणी दावा वेगळाच चालू होता. १९०६ साली खालच्या कोर्टात टिळक जिंकले. १९१० साली हायकोर्टाने तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द करून टिळकांच्या बाजूने कौल दिला. साक्षीदाराला उलटतपासणीत तोंडावर विचारल्याशिवाय त्याला खोटारडा ठरवता येत नाही, या मुद्द्यावर तो निकाल आजही वकील वाचतात.

चौदा वर्षं. आम्ही हे सांगतो ते टिळकांचं मोठेपण सांगायला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमचा प्रश्न हिशोबवहीचा आहे. यातला कुठला खर्च विश्वस्ताचा आणि कुठला टिळकांचा?

दत्तकाचा दावा घ्या. मृत्युपत्राप्रमाणे वारस कोण, हे ठरल्याशिवाय इस्टेट कुणाच्या हाती द्यायची तेच कळत नाही. तो लढा इस्टेटीसाठी होता. आमच्या मते त्याचा खर्च इस्टेटीवर टाकणं हे ३२व्या कलमाच्या भाषेत ‘योग्य रीतीने’ या शब्दांत नि:संशय बसतं. पण खोट्या साक्षीचा खटला? तुरुंगात जाणार होते ते टिळक, इस्टेट नव्हे. एक माणूस म्हणेल, ती साक्ष त्यांनी विश्वस्त म्हणूनच दिली होती, विश्वस्त नसते तर हा प्रसंगच आला नसता. दुसरा म्हणेल, स्वतःचा कारावास टाळायला मेलेल्या मित्राची कर्जबाजारी इस्टेट का जाळायची? आम्ही वर्गात हा प्रश्न अनेकदा मुलांपुढे ठेवला आहे. आमचं स्वतःचं मत असं की आरोप विश्वस्ताच्या कामातून उगवला आणि शेवटी खोटा ठरला, तर खर्च न्यासाने सोसावा. पण तो निकालानंतर मागावा, आधी उचलू नये. दोषी ठरला असता तर? मग प्रश्नच मिटला. अप्रामाणिकपणाचा खर्च ‘योग्य’ कधीच होत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही टिळकांचंच आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये ते हरले. इंग्लंडचा नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा. तो बोजा टिळकांचा स्वतःचा होता. लोकांनी पुढे निधी उभा करून तो हलका केला, पण तो लोकांनी आपखुशीने दिलेला पैसा. कुठल्या न्यासाच्या तिजोरीतून तो गेला नाही.

हरणाऱ्याने खर्च द्यायचा, हा नियम आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे, ३५व्या कलमात. सामान्यतः खर्च निकालामागे जातो, आणि न्यायाधीशाला तसं करायचं नसेल तर कारणं लिहावी लागतात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं? निकालाच्या शेवटी ‘खर्चासह’ असे शब्द येतात, माणूस खुश होतो, आणि मग खर्चाचा तक्ता बघून डोक्याला हात लावतो. नियमाप्रमाणे धरलेली वकिलाची फी आणि प्रत्यक्ष दिलेली फी यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. खोटा किंवा निव्वळ छळण्यासाठी केलेला दावा असेल तर ३५-अ कलमाखाली भरपाई मिळते. तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये! १९७६च्या दुरुस्तीत ती ठरली.

एका धर्मादाय ट्रस्टच्या प्रकरणात हे सगळं चव्हाट्यावर आलं. दिल्लीचा रघुबीर सरन चॅरिटेबल ट्रस्ट आणि त्यांचा भाडेकरू यांचा वाद. एका अंतरिम आदेशावरच्या अपिलात दिल्ली हायकोर्टाने भाडेकरूला ट्रस्टचा खर्च म्हणून पंचेचाळीस लाख अठ्ठावीस हजार रुपये द्यायला सांगितले. हायकोर्टाचा हेतू वाईट नव्हता. खरा झालेला खर्च खरोखर मिळावा, एवढाच होता. भाडेकरू सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या खंडपीठाने सांगितलं की खर्च वास्तवाला धरून असावा हे खरं, पण नियमांत नसलेली रक्कम न्यायाधीशाला मनाने लावता येत नाही. मग रक्कम किती झाली? नियमांप्रमाणे बसेल तो खर्च, आणि वर ३५-अ खाली तीन हजार. पंचेचाळीस लाखांवरून तिथे. न्यायालयाने त्याच निकालात ही तीन हजारांची मर्यादा किमान एक लाखावर न्यावी असं सुचवलं, आणि २०१२ साली विधी आयोगाने खर्चाच्या विषयावर २४०वा अहवाल दिला. व्यापारी दाव्यांपुरता बदल २०१५च्या कायद्याने झाला. तुमच्या-आमच्या दाव्यांचं घोडं तिथेच आहे.

एक लक्षात घ्या. नुसत्या खर्चाच्या हुकमावर अपील करणाऱ्याकडे वरची न्यायालयं फार प्रेमाने बघत नाहीत. खर्च हा न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग. तत्त्वाची चूक दाखवा, नाहीतर घरी जा, असा एकूण सूर असतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर तेवढ्यासाठी अपील करायला आधी परवानगी काढावी लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; खर्चासाठी दुसऱ्यांदा चढणाऱ्याला काय म्हणायचं?

याचा विश्वस्ताच्या दृष्टीने अर्थ काय? जिंकलात तरी समोरच्याकडून मिळणार थोडं. उरलेली खिंडारं भरायची कुणी? न्यासाने, नाहीतर तुम्ही. आणि हे ठरणार दावा संपल्यावर, कधीकधी दहा वर्षांनी. अशा वेळी प्रामाणिक विश्वस्त घाबरतो आणि लढायचंच सोडून देतो. बेफिकीर असेल तो चेक फाडत सुटतो. दोन्हीत नुकसान लाभार्थ्यांचं.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या पुस्तकात असूनही कुणी वापरत नाही, म्हणून सिडनीची गोष्ट सांगतो. तिथल्या रॉकडेल भागात मॅसेडोनियन ऑर्थोडॉक्स समाजाचं एक चर्च आहे. चर्चची मालमत्ता समाजाच्या संस्थेकडे, विश्वस्त म्हणून. बिशप आणि संस्था यांचं बिनसलं, १९९७ साली दावा उभा राहिला. तुम्ही म्हणाल, ही तर आपल्या गावची गोष्ट. अगदी बरोबर. नेम कुणाची करायची, पूजा कुणी सांगायची, किल्ल्या कुणाकडे, हेच ते भांडण. संस्थेपुढे प्रश्न आला की दाव्याचा बचाव करायला चर्चचा पैसा वापरायचा का? त्यांनी न्यायालयालाच सल्ला विचारला. तिथल्या विश्वस्त कायद्यात तशी तरतूद आहे. न्यायाधीश म्हणाले, बचाव करणं रास्त आहे, पैसा वापरा. बिशप अपिलात गेले आणि जिंकले. संस्था ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात गेली, आणि २००८ साली हायकोर्टाने पहिला सल्ला पुन्हा कायम केला. म्हणणं असं होतं: सल्ला देताना दाव्यात खरं कोण हे ठरवायचं नसतं. विश्वस्ताने स्वतःच्या खिशाची जुगार लावून न्यासाचा बचाव करावा अशी अपेक्षा ठेवली, तर बचाव करायला कुणी उरणारच नाही. म्हणून आधी विचारायची सोय.

आपल्याकडे १८८२च्या कायद्याचं ३४वं कलम हेच सांगतं: न्यासाच्या व्यवस्थापनाबद्दल न्यायालयाचं मत, सल्ला किंवा निर्देश मागता येतात. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांसाठीही १९५०च्या कायद्यात निर्देश मागायची तरतूद आहे, ५६-अ. आम्ही इतकी वर्षं विश्वस्तांच्या बैठका बघतो आहोत, हा अर्ज करू या असं कुणी म्हणालेलं आठवत नाही. वकिलाचं नाव मात्र प्रत्येकाच्या ओठांवर असतं.

यात आम्हीही आलो. म्हणून थोडं घरचं सांगतो. संस्थेचं नाव, गाव सांगत नाही. एका लहान ट्रस्टवर आम्ही होतो. तुम्हाला ठाऊक आहे, या वांगणीत अंध कुटुंबं बरीच आहेत, कित्येकांचं पोट लोकलमध्ये वस्तू विकून चालतं. अशा घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी एका देणगीदाराने ठेव ठेवली होती. व्याजातून वह्या, क्लासची फी, परीक्षेला जायचा-यायचा खर्च. काम छोटं होतं, पण चाललं होतं.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. ट्रस्टच्या खोलीत घुसून बसलेल्या एका माणसावर दावा करावा लागला. आणि त्याच वर्षी नवे विश्वस्त निवडले गेले, त्यावरून दोन तट पडले. निवड झाली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. दोन्ही गटांनी आपापला रिपोर्ट दिला, दोन्ही गटांनी वकील लावले, आणि दोन्ही वकिलांची बिलं ट्रस्टच्या नावावर आली. आम्ही खजिनदार. आम्ही ठेव मोडली आणि दोन चेकांवर सही केली, एक खोलीच्या दाव्याचा आणि एक आमच्या गटाच्या वकिलाचा. सही करताना मनात कणभरही शंका आली नाही, हे आज जास्त टोचतं.

जूनमध्ये एक गृहस्थ आले, पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून. मुलगी दहावीला. म्हणाले, “सर, यंदा फी मिळणार नाही असं कळलं. पैसे कोर्टात गेले म्हणतात. आमची काही केस होती का हो?”

आम्ही म्हणालो, बघतो. दुसरं काय म्हणणार.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा कायद्याचं पुस्तक उघडून बसलो. खोलीचा दावा बाहेरच्या माणसाविरुद्ध होता, ट्रस्टची वस्तू ट्रस्टकडे राहावी म्हणून होता. तो चेक बरोबर होता. हरलो असतो तरी बरोबरच राहिला असता. दुसरा चेक मात्र या प्रश्नाचा होता की खुर्चीवर आम्ही बसायचं की त्यांनी. त्या मुलीला, तिच्या वडिलांना त्या उत्तराने काहीच फरक पडत नव्हता. विश्वस्तांचं आपापसातलं भांडण हे न्यासाचं काम नव्हे. ज्याला लढायचं त्याने स्वतःच्या पैशाने लढावं, आणि शेवटी न्यायाधीशाला वाटलंच की यातून न्यासाचं भलं झालं, तर तो न्यासातून खर्च देववील. आधी उचलायचा हक्क कुणालाच नाही.

आम्ही दुसऱ्या चेकची रक्कम पेन्शनमधून पाच हप्त्यांत परत भरली. ऑडिटरने शेरा मारायचा तो मारलाच. आमच्या गटातल्या मंडळींनी दोन महिने बोलणं टाकलं, कारण आम्ही भरले म्हणजे त्यांचं चुकलं असा अर्थ निघत होता. तो निघत होताच. दुसऱ्या गटाने भरले का, ते विचारू नका. मुलीची फी त्या वर्षी गावातल्याच चौघांनी वर्गणी काढून दिली.

तुमच्यापैकी जे विश्वस्त आहेत त्यांनी पुढच्या सभेत एवढंच विचारावं: आपल्या नावावर चालू असलेला प्रत्येक दावा कुणाविरुद्ध आहे, आणि त्याची बिलं कुठल्या ठरावाने दिली? ठराव सापडला नाही तर दुसरा प्रश्न विचारायची गरज नाही. दाव्याच्या आधी शंका असेल तर ५६-अ खाली अर्ज करून विचारा. त्यालाही वकील लागेल, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या वकिलाचा खर्च ‘योग्य’ ठरण्याची शक्यता बरीच जास्त.

आमच्या त्या ट्रस्टचे दोन्ही चेंज रिपोर्ट अजून प्रलंबित आहेत. पुढची तारीख पुढल्या महिन्यात आहे. आता तुमचे प्रश्न घेतो. कर्जतकडे जाणाऱ्यांनी आधी विचारावेत, त्यांची गाडी लवकर आहे.